तिसरं कडवं

ठोक्याकाकांचा उजवा हात मोडला तो भर दुपारी, अख्ख्या गल्लीदेखत. मोडायला आलेल्यांनी त्यासाठी खास काही आणलं नव्हतं. काकांच्या दुकानाचं शटर होतं, तेवढं पुरलं. दोघांनी काकांचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि तिसऱ्यानं शटर ओढलं. एका ओढीत काम झालं नाही म्हणून वर ढकललं आणि परत ओढलं. समोरच्या दुकानात न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. तो लावतच राहिला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय झालं, तर काकांच्या शेजारी उभा असलेला एक दांडगा माणूस म्हणाला, "शटरमध्ये सापडला." काकांनीही मान हलवली. करतात काय?

काकांचं दुकान कुलपं-किल्ल्यांचं, पण खरा माणूस ड्रमवरचा. बाकीच्या गाण्यांत पहिल्या ठोक्यावर धपकन बसायचं असतं. रेगे संगीतात पहिला ठोका मोकळा सोडायचा आणि दणका द्यायचा तिसऱ्यावर. ऐकायला सोपं, करायला गेलं की नाकीनऊ येतात, कारण माणसाचा हात मोकळ्या जागेत गप्प बसत नाही. काकांचा बसायचा. "ज्याला पहिला सोडता येत नाही त्यानं कवायतीच्या बँडमध्ये जावं," असं ते म्हणायचे, आणि गेलेल्यांना चिडवायचे.

हात मोडायला लावणारा होता शेठ. गल्लीच्या टोकाला त्याचं भंगाराचं आवार होतं, आणि आवार काही केल्या त्याला पुरत नव्हतं. आज हा गाळा, उद्या तो. जो खाली करेना त्याचं काहीतरी मोडायचं. मेकॅनिकची शेड जाळली, त्यात त्याचा म्हातारा सासरा आत राहिला. शिंप्याच्या पोराला आवाराच्या फाटकापाशी इतकं मारलं की ते पोर अजून एका कानानं ऐकतं. पोलीस यायचे, चहा प्यायचे, जायचे. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडे?

आणि गंमत अशी, गंमत कसली डोंबलाची, की हा शेठ लहानपणी ताईच्या घरी जेवायचा.

ताई म्हणजे गल्लीची ताई. सख्खी ती फक्त बारक्याची, पण ताई सगळेच म्हणायचे. वडिलांचं वर्कशॉप आता तीच चालवायची. प्लायवूड कापून माणसाच्या उंचीची स्पीकरची खोकी करायची, डिंक लावायचा, खिळे ठोकायचे, आत कापूस भरायचा. खोक्यांचा अख्खा सेट मैदानात मांडला की बेसच्या दणक्यानं पोटातलं पाणी हलायचं. सेटवर गाणी लावायची ती ताईनंच. बायकांचं काम नव्हे म्हणणाऱ्यांची तोंडं तिनं पहिल्याच वर्षी बंद केली होती, आणि एकाचं तर पाना फेकून.

वडिलांना रेगेचं वेड लागलं ते एका बोटीवरच्या खलाशामुळे. रेडिओ दुरुस्त केला त्याबद्दल तो एक पेटीभर रेकॉर्डी देऊन गेला, त्या बेटावरच्या, जिथं हे संगीत जन्मलं. भाषा अर्धीमुर्धी कळायची. पण वडील पोरांना जमिनीवर बसवायचे आणि एकेका गीतकाराची ओळख करून द्यायचे, घरचा पाहुणा असावा तशी. "हा बघ, ह्यानं तुरुंगातून गाणं आणलं. हा दुसरा, हा उपाशी पोटाबद्दल बोलतो, पण चाल अशी देतो की उपाशी माणूसही नाचेल. आणि हा तिसरा, हा महाबेरकी. वरून प्रेमाचं गाणं, आतून सरकारला चिमटा." बारक्यानं ते सगळं पाठ केलं. मोठा झाल्यावर तो स्वतः गाणी लिहायला लागला तेव्हा त्याचे देव हेच तिघं-चौघं होते. सुरी जेवढी धारदार, चाल तेवढी गोड ठेवायची, हे तो त्यांच्याकडून शिकला.

बारक्याच्या शेजारी बसून ऐकणारा दुसरा पोरगा म्हणजे आजचा शेठ. तेव्हा त्याला बोबड्या म्हणायचे. त्याला र म्हणता यायचा नाही, गल्लीतली पोरं मुद्दाम त्याच्याकडून रताळं-रबर म्हणवून घ्यायची आणि खिदळायची. बारक्या तेवढा कधी हसला नाही. दोघं तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायचे, बारक्या वरच्या पट्टीत आणि बोबड्या खालच्या. गायला लागला की त्याचा बोबडेपणा जायचा, कुठं जायचा देव जाणे. वडील म्हणायचे, "ह्याला बोलू देऊ नका रे, गाऊ द्या." मग वडील गेले. बोबड्याला भंगारवाल्यानं हाताशी धरलं, आणि काही वर्षांनी तो भंगारवाला आपल्याच गाड्या दाबायच्या यंत्राखाली सापडला. त्या दिवसापासून बोबड्याला कुणी बोबड्या म्हटलं नाही.

काकांचा हात प्लास्टरमध्ये असतानाच बारक्यानं गाणं लिहिलं. पहिल्या कडव्यात शेठ होता, नावानिशी नव्हे, पण आंधळ्यालाही कळावं असा:

भंगारात काढलीस गल्ली,
किलोवर तोललीस माणसं.

दुसऱ्या कडव्यात मेकॅनिकचा सासरा होता आणि शटर होतं. चाल मात्र अशी की पाळण्यातलं मूल झोपावं.

वर्कशॉपमध्ये तबकडी कोरायचं वडिलांचं यंत्र होतं. समोर वाजवायचं, गायचं, आणि यंत्राची सुई ते थेट मऊ तबकडीवर कोरत जायची. असली तबकडी एकच निघते. आणि ती मऊ, त्यामुळे दर वाजवण्याला थोडी झिजते. सेटची जड सुई तर तिला खातेच. आधी स आणि श जातात, मग श्वास जातो, मग शब्द. तरी दोन सेटांच्या सामन्याला अशीच तबकडी न्यायची असते, जी जगात दुसऱ्या कुणाकडे नाही.

कोरलं त्या दिवशी शिंप्यानं गिटार धरलं, बारक्यानं बेस वाजवत गायलं, आणि काकांनी डाव्या हातानं ड्रम वाजवला. एका हाताला जेवढं झेपलं तेवढंच. त्यामुळे मोकळ्या जागा आणखी मोकळ्या झाल्या आणि गाणं जास्तच भारी बसलं. ताई यंत्रापाशी उभी राहून तबकडीवरून निघालेली काळी तार ब्रशनं बाजूला करत होती. दोन कडव्यांपर्यंत तिचा ऊर भरून आला होता. तिसरं कडवं सुरू झालं आणि ब्रश तिच्या हातात तसाच राहिला. तिसऱ्या कडव्यात बारक्यानं शेठला घरी बोलावलं होतं. तेलाचा डबा, दोघांचं गाणं, सगळं काढलं होतं. वर शेवटच्या दोन ओळींत ताईच्या नावावर नको ते खपवलं होतं.

कोरून झालं, काका आणि शिंपी गेले, मग तिनं तोंड उघडलं.

"हे काय आहे?"

"तिसरं कडवं."

"ते कळतंय मला. कुणाला विचारून घातलंस?"

"सुचलं. घातलं."

"दोन कडव्यांत त्याला सोलायचं आणि तिसऱ्यात मलम लावायचं? काकांच्या हाताला विचारलंस का, मलम चालेल का म्हणून?"

"काकांनी वाजवलं ना गं, त्याच हातानं नाही तर दुसऱ्यानं." बारक्या बेसच्या तारा पुसत होता. "ताई, बाबांच्या त्या पेटीतले लोक आठव. मार खाल्ला त्यांनी, तुरुंग भोगला, पण ज्याच्यावर गाणं केलं त्याला गाण्याबाहेर हाकललं नाही. शेवटी एखादं दार ठेवलंच."

"तो दारातून येणारा माणूस राहिलाय का?"

"बघू की. मी त्याच्याकडे जाऊन आलो."

हा शहाणा एकटाच आवारात जाऊन शेठसमोर उभा राहिला होता. म्हणाला होता, तुझ्यावर गाणं केलंय, रविवारी सामन्यात वाजणार, पूर्ण ऐक, मग काय करायचं ते कर. शेठच्या माणसांनी त्याला भिंतीशी दाबला होता. शेठनं त्यांना थांबवलं आणि म्हणाला, "गाणं संपेपर्यंत मी हात बांधून उभा राहीन. संपलं की बघतो."

"हात बांधून उभा राहणार," बारक्या म्हणाला, जणू मोठं बक्षीसच मिळालं. "म्हणून तुझ्याकडे एकच मागतो. लोक कितीही पत्रे बडवू देत, सुई उचलायची नाही. गाणं एकसलग शेवटपर्यंत जाऊ दे."

"न उचलता? लोक बडवताहेत आणि मी ढिम्म? तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. त्याला तिसरं कडवं ऐकू आलं पाहिजे. नाहीतर नुसत्या शिव्याच झाल्या त्या."

"बरं," ताई म्हणाली. मनातून ते कडवं तिला मुळीच नको होतं, आणि ते तिनं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

सेटवाल्यांची रीत माहीत नसेल त्याला हे सुई उचलणं कळायचं नाही. समोरासमोर दोन सेट मांडतात, आळीपाळीनं गाणी लावतात. गाणं आवडलं की लोक मैदानाच्या कडेचे पत्रे बडवतात. फारच आवडलं तर ज्यांच्याकडे पिस्तुलं आहेत ते हवेत गोळ्या झाडतात. ती सलामी. सलामी झाली की गाणं लावणाऱ्यानं तिथल्या तिथं सुई उचलायची आणि गाणं पहिल्यापासून लावायचं. जितक्यांदा उचललं तितका मान. एकदाच सरळ वाजून गेलेलं गाणं म्हणजे पडलेलं गाणं. ताईचा हात लहानपणापासून ह्यातच वाढलेला. बडवण्याचा आवाज आला की हात आपोआप जायचा. डोक्याला विचारतो कोण?

रविवारी ऊन उतरायच्या आत मैदान भरलं. मैदान शेठच्याच आवाराचं, चारी बाजूंनी गंजके पत्रे, कोपऱ्यात दाबलेल्या गाड्यांची चळत. पलीकडे शेठचा नवा सेट, अलीकडे ताईचा. मागच्या फाटकापाशी, ताईच्या खोक्यांच्या आडोशाला बारक्या उभा राहिला. तिथून त्याला शेठ दिसत होता. शेठ समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि बोलल्याप्रमाणे हात बांधून.

शेठच्या सेटनं दणकून सुरुवात केली. मग ताईची पाळी. तिनं तबकडी लावली.

बेस सुरू झाला तसे लोक गप्प झाले. काकांचा एकहाती ठोका पडला आणि कुणीतरी म्हणालं, अरे, हा ठोक्याच. मग बारक्याचा आवाज. भंगारात काढलीस गल्ली. किलोवर तोललीस माणसं. एक क्षण कुणाचा विश्वास बसला नाही, आणि मग असा काही गदारोळ झाला की ताई आयुष्यात विसरणार नाही. चारी बाजूंचे पत्रे एकदम वाजायला लागले. हातांनी, लाथांनी, वहाणांनी. मेकॅनिकची बायको डोकं आपटल्यासारखी पत्र्यावर मुठी आपटत होती. कुणीतरी हवेत एक गोळी झाडली. आजवर दबलेले लोक एकदम उसळले होते.

आणि ताईनं सुई उचलली.

बारक्यानं तिकडून दोन्ही हात हलवले. नको, नको. ताईनं बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं. शेठचं तोंड काळंठिक्कर पडलेलं तिला दिसत होतं, आणि ते तिला गोड लागत होतं. बघ मेल्या, ऐक, परत ऐक. हात अजून बांधलेलेच होते त्याचे. तिनं गाणं पहिल्यापासून लावलं.

ह्या वेळी लोकही गायला लागले. किलोवर तोललीस माणसं, हे अख्खं मैदान शेठच्या तोंडावर म्हणत होतं, त्याच्याच आवारात, त्याच्याच माणसांसमोर. दुसरं कडवं आलं. शटरची ओळ आली. ताईची नजर सुईवर होती. शटरच्या ओळीनंतर चार ठोके मोकळे आहेत आणि मग तिसरं कडवं, हे तिला ठाऊक होतं. त्या मोकळ्या चार ठोक्यांत पत्रे फुटायची वेळ आली, आणि जवळूनच तीन गोळ्या वाजल्या.

ताई हसली. सलामी, आणि तीही तीन गोळ्यांची. तिनं सुई उचलली, तबकडीवर फुंकर मारली आणि गाणं तिसऱ्यांदा पहिल्यापासून लावलं. बेसचा आवाजही चढवला.

त्या बेसखाली कुणाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? मागच्या फाटकाकडे माणसं धावताना तिला दिसली, तिला वाटलं नाचताहेत. भंगारात काढलीस गल्ली. मग काका आले. डाव्या हातानं त्यांनी सेटची वायर धरली आणि भिंतीतून उपटून काढली. त्यांच्या शर्टाला रक्त होतं. "पोरी," एवढंच म्हणाले.

बारक्या खोक्याला टेकून बसला होता. दोन गोळ्या पोटात आणि एक गळ्यात. गळ्यातून श्वासाबरोबर बुडबुडे येत होते, आणि तो काहीतरी म्हणायला बघत होता. ताईनं गळ्यावर तळवा दाबला. रक्त बोटांच्या फटीतून येतच राहिलं. खोक्याच्या पांढऱ्या प्लायवूडवर त्याच्या पाठीमागून रक्ताचा लांब ओघळ उतरला होता. सगळं होईपर्यंत फार वेळ लागला नाही. समोरची भिंत रिकामी होती.

पोलिसांनी लिहून घेतलं, की सामन्यात हवेत गोळ्या झाडायची पद्धत आहे, त्यातली चुकून लागली. तीन कशा चुकतात, असं काकांनी विचारलं. त्यावर साहेब म्हणाले, तुमचा दुसरा हात बरा आहे ना?

त्यानंतर ताईनं सेट लावला नाही. ती खोकी करायची, पोट भरायला. पण खिळे ठोकताना हातोडा जरूरीपेक्षा जोरात पडायचा. शेठ एकटा कधी सापडेल, एवढंच ती बघत होती. जेव्हा ती स्वतःशी खरं बोलायची तेव्हा तिला कळायचं, की त्या हातोड्याखाली निम्मं डोकं तिचं स्वतःचंच आहे. उचलू नको म्हणाला होता तो. हात जोडून सांगितलं असतं तरी उचलली असती का तिनं? असती. ह्याचंच तिला रडू यायचं.

आणि शेठ आपणहून आला. दुपारची वेळ, वर्कशॉपमध्ये डिंक उकळत होता. त्याची माणसं त्यानं बाहेर पत्र्याच्या कुंपणापाशी उभी केली आणि तो एकटा आत आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. पिस्तूल त्यानं कमरेचं काढून बाकावर ठेवलं, लांब.

"ताई," तो म्हणाला, "ठोक्या म्हणतो, गाणं पुढं होतं."

"काकांना परत हात लावलास?"

"नाही. गुत्त्यात तोच माझ्या तोंडावर थुंकला. म्हणाला, तिसरं कडवं न ऐकता मारलंस रे, गाढवा." र अजूनही त्याला नीट येत नव्हता. "मी उभा होतो हात बांधून. शब्द दिला होता. तू परत पहिल्यापासून लावलंस. माझ्याच पोरांसमोर मला दोनदा ऐकवलंस. मी किती वेळ उभा राहणार होतो?"

"म्हणजे मी मारलं?"

"मारलं मीच," शेठ म्हणाला. "पण संपू तू दिलं नाहीस."

ताईनं हातोडा उचलला नव्हता, तो तिच्या हातातच होता. तिला वाटलं, आता. मग वाटलं, नाही, आधी ह्याला ऐकव. काय मारलं ते ह्याला कळू दे, मग मार. तिनं तबकडी काढली, लावली, आणि सुई थेट तिसऱ्या कडव्यावर ठेवली. पहिली दोन कडवी मैदानातल्या जड सुईनं खरखरीत झाली होती. तिसरं कोरं होतं. आजवर त्याला सुई लागलीच नव्हती. बारक्याचा आवाज असा आला, की आत्ता ह्या खोलीत घसा खाकरून उभा राहिलाय.

तेलाचा डबा तसाच आहे,
तुझ्या बाजूनं चेपलेला.
खालची ओळ मोकळी सोडलीय,
ये आणि तुझी तू म्हण.

आणि मग खरंच ओळभर कुणी गात नव्हतं. नुसता बेस आणि काकांचा डावा हात. शेठ ताडकन पुढं झाला. पुढच्या ओळी यायच्या आत त्यानं जाड अंगठ्यानं सुई उचलली आणि मागं टाकली. कर्रकन आवाज आला.

"हळू," ताई ओरडली.

दुसऱ्यांदा मोकळी ओळ आली तेव्हा तो गुणगुणला. तिसऱ्यांदा तो गायला. खालच्या पट्टीत, डोळे मिटून, आणि एक अक्षर बोबडं नाही. खोटं कशाला बोला, आवाज लागला. बारक्याच्या आवाजाखाली तो असा बसला की मधली सगळी वर्षं झालीच नव्हती. ताईला त्या आवाजाचा इतका राग आला की तिला दिसेनासं झालं. ओळ संपली की तो सुई उचलायचा आणि मागं टाकायचा. परत. परत. शेवटच्या दोन ओळी त्यानं एकदाही येऊ दिल्या नाहीत. आणि दर वेळी बारक्या थोडा थोडा चालला होता. डब्यातला ड बोथट झाला, सोडलीय मधला स गेला, मग ओळींमध्ये तो श्वास घ्यायचा ते गेलं.

"पुरे," ताई म्हणाली. "झिजतोय तो."

"एकदा."

"पुढं ऐक. गाणं पुढं आहे."

"एकदाच, ताई." आणि तो डावा तळवा टेबलावर टेकून, उजवा हात तयार ठेवून वाट बघत राहिला. त्याची मान तिच्यासमोर होती, केस वाढलेली, वाकलेली. ह्याच मानेला लहानपणी तिनं दगडानं घासून अंघोळ घातली होती. मोकळी ओळ आली. तो गायला. ओळ संपली, आणि त्याचा उजवा हात सुईकडे जाण्याआधी टेबलाच्या कडेवर आला.

ताईनं हातोडा घातला.

हाडाचा आवाज लाकडासारखाच येतो, फक्त ओला. तिनं परत घातला, आणि परत. तिसऱ्या घावाला तर्जनी उलटी फिरली आणि मधल्या बोटाचं हाड कातडी फाडून वर आलं. शेठ गुडघ्यावर कोसळला, तोंड उघडून, पण बेस मोठ्यानं चालू होता. टेबलाच्या पत्र्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले, एक थेंब तबकडीवर पडला आणि तिच्याबरोबर गोल फिरायला लागला. बाहेरच्या माणसांनी आत हातोड्याचे ठण ठण ऐकले. त्यांना वाटलं, शेठला गाणं पसंत पडलं, आत सलामी चाललीय. तेही कुंपणाचे पत्रे बडवायला लागले, आणि एकानं हवेत गोळी झाडली.

ताईचा हात उठला. सवयीचा हात तो. सुईपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. बाहेर बडवणं चालूच होतं. तबकडी पुढं गेली, आणि कोऱ्या जागेतून बारक्या आला, स्वच्छ:

ताई रागावेल, दार लावून घेईल,
पण ताटं दोन वाढेल.

मग नुसता ठेका, मग काहीच नाही. सुई मधल्या कोऱ्या रिंगणात खरखरत राहिली.

"संपलं," शेठ जमिनीवरून म्हणाला. हात त्यानं पोटाशी धरला होता. "आता मार."

हातोडा वरच होता. मारायचं होतं तिला. त्याचं डोकं इतकं जवळ होतं की चुकायची सोय नव्हती. पण ज्यानं आपल्याला न विचारता आपल्या नावानं शब्द देऊन टाकला, तो मेलेला भाऊ तिथं टेबलावर फिरत होता. ताईला हुंदका आला. तो तिनं आवरला नाही. रडत रडतच तिनं हातोडा बाकावर ठेवला, पिस्तुलाशेजारी.

"पाणी त्या बादलीत आहे. हात धू आणि जा," ती म्हणाली. "आणि एक ऐकून ठेव. ताट मी वाढणार नाही. तो ते सांगून मेला, पण मला ते तेव्हाही नकोच होतं."

शेठनं हात धुतला नाही. शर्टाच्या टोकात गुंडाळला, डाव्या हातानं पिस्तूल उचललं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि कमरेला खोचलं. तिनं पाठ फिरवली होती. ती तबकडीवरचं रक्त फडक्यानं पुसत होती, हलक्या हातानं, खाचांच्या दिशेनं. त्यानं झाडलं असतं तर तिला कळलंही नसतं.

तो बाहेर गेला. त्याला बघून पत्रे बडवणं थांबलं.

"शेठ, हात?" कुणीतरी विचारलं.

"शटरमध्ये सापडला," शेठ म्हणाला.

वर्कशॉपला शटर नव्हतं. लाकडाचं दार होतं. काकांचं शटर ज्यानं ओढलं होतं तो माणूस त्या दाराकडे बघत राहिला, मग त्यानं मान खाली घातली आणि तो सगळ्यांच्या मागून चालायला लागला.